मदत हवी आहे: ग्रामीण भागात मुलांसोबत काम करणाऱ्या नवीन थेरपिस्टना तयार कसं करायचं?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी), म्हणजे मुलांना रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून थेरपी देणारी. ग्रामीण भागातल्या मुलांच्या थेरपी सेंटरची टीम बघते. टीम म्हणजे एक फिजिओ, एक स्पीच थेरपिस्ट, दोन असिस्टंट आणि मी. फिजिओ आणि स्पीचवाली दोघी कॉलेज संपवून थेट इथेच आल्यात, हुशार आहेत, मुलांशी मस्त जमतं, पण त्यांच्या विषयातलं सिनियर इथे कोणीच नाही. माझं सिनियरपण ओटीपुरतं.

मोठ्या सेंटरला ऑटिझमला वेगळा माणूस, फीडिंगला वेगळा. इथे सकाळी तोतरेपणा, मग टाळू फाटलेलं बाळ, मग ऑटिझम, मग ऐकू न येणारं मूल, सगळं एकाच मुलीच्या वाट्याला.

परवाचंच सांगते. सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेलं लहान मूल, पातळ काही दिलं की डोळ्यांत पाणी, गिळल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा, आणि छाती वरचेवर भरते. आईचं म्हणणं, ठसका तर लागत नाही ना, मग काय काळजी. पण ठसका न लागतासुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं हे आमच्या स्पीचवालीला पक्कं ठाऊक, तिने बरोबर पकडलं. पुढे काय? व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळताना एक्स-रेवर बघायची तपासणी) होते ते हॉस्पिटल लांब, तोवर पातळ थांबवायचं का, घट्ट करून द्यायचं का, हे ती मला विचारतेय. बसवायचं कसं ते मी सांगेन, गिळण्याबद्दल कशाच्या जोरावर बोलू? डॉक्टरांशी बोलून रेफर केलं, पण अशा वेळी तिच्या पाठीशी तिच्या विषयातलं कोणीतरी हवं होतं.

तर दुसऱ्या विषयाच्या माणसाला सुपरव्हिजन, म्हणजे कामावर नियमित मार्गदर्शन, कसं देता? आणि त्यासाठी राखलेला वेळ पेशंट खाऊन टाकतात त्याचं काय करता? कोर्सला पाठवते पण सर्टिफिकेट फाइलला लागतं आणि काम आहे तसंच चालू राहतं.

रानवाट:
ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या काढा. केसलोड (कोणाकडे किती पेशंट), रजा, रिपोर्ट, पोरगी थकलीय का, हे सगळं तुम्ही बघू शकता, विषय वेगळा असला तरी अडत नाही. विषयातलं मार्गदर्शन मात्र त्याच विषयातल्या माणसाकडूनच, बाहेरून, व्हिडिओ कॉलवर. ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितलीत, शिकवणं, दर्जा राखणं आणि धीर देणं. ती एकाच माणसाने करायला पाहिजेत असं कुठे आहे? वेळेचं म्हणाल तर अपॉइंटमेंटच्या वहीत सुपरव्हिजनला पेशंटसारखाच स्लॉट द्या. "वेळ मिळाला की बसू" म्हटलं की संपलंच.

गोष्टीवेल्हाळ:
कोर्सबद्दल अगदी सहमत. आमच्याकडे फरक पडला तो व्हिडिओने. पालकांची लेखी परवानगी घेऊन सेशनचा छोटा तुकडा रेकॉर्ड करायचा, कुठला तुकडा दाखवायचा ते थेरपिस्टनेच ठरवायचं, आणि चर्चा एकाच प्रश्नावर. सिनियरने निवडला की ती परीक्षा होते आणि पोरं फक्त चांगले चांगले व्हिडिओ आणतात, हे पण सांगून ठेवते. इको मॉडेल पण बघा. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सी साठी सुरू केलेलं, आता कितीतरी विषयांत चालतं. लांबलांबची सेंटरं एका कॉलवर येतात, आपापली केस मांडतात, तज्ज्ञ बोलतात पण बाकीचेही शिकतात. पेशंट पाठवावा लागत नाही, आपली अक्कल वाढते.

उलटतपासणी:
मी जरा वाकडं बोलतो. सुपरव्हिजन द्या, व्हिडिओ बघा, सगळं बरोबर, पण कॉन्ट्रॅक्टवरची पोस्ट, राहायची सोय नाही आणि पुढे बढती नाही म्हटल्यावर माणूस टिकेल कशाला? डब्ल्यूएचओची ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांबद्दलची २०२१ ची गाइडलाइन वाचा, त्यात शिक्षण, नियम, पैसा आणि आधार हे सगळं एकत्र द्या म्हटलंय, एकेक सुटं नाही. ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेश द्या हेही त्यात आहे. मॅनेजमेंटने फक्त ट्रेनिंगचं बजेट दाखवून हात झटकू नयेत एवढंच.

रानवाट:
@उलटतपासणी, खरंय, पण पोस्ट पर्मनंट करणं ताईंच्या हातात नाही, वहीतला स्लॉट मात्र आहे.

पाटीपेन्सिल:
असिस्टंट राहिलेच की! फिजिओ आणि स्पीचवालीचा वेळ तिथूनच निघेल. ठरलेला व्यायाम पुन्हा पुन्हा करून घेणं, घरी करायचं आईला दाखवणं, खुर्ची-स्प्लिंट नीट बसतंय का बघणं, हे शिकवून त्यांच्याकडे सोपवा. मात्र तपासणी, ध्येय बदलणं आणि खायच्या-प्यायच्या घट्टपणात काहीही बदल, हे थेरपिस्टनेच करायचं. नावानिशी लिहून भिंतीवर लावा, नाहीतर गर्दीच्या दिवशी कोण काय करेल नेम नाही. आणि सीपीच्या मुलांना सगळ्यांनी जीएमएफसीएस या हालचालींच्या स्केलचीच भाषा वापरा, पाच लेव्हल आहेत. "लेव्हल चार" म्हटलं की फिजिओपासून असिस्टंटपर्यंत सगळ्यांना कळतं की मूल स्वतःहून कितपत हलू शकतं. खाण्यापिण्याची मात्र वेगळी स्केल आहे, ईडॅक्स, ती स्पीचवालीला वापरायला सांगा.

धागाकर्ती:
सगळ्यांना थँक्यू, खरंच. वहीत स्लॉट आजच टाकला. ईडॅक्स तिला माहितीये म्हणाली, वापरत नव्हती कारण बाकी कोणाला कळायचं नाही, आता सगळे मिळून बघू. असिस्टंटची यादी मी एकटी नाही लिहिणार, त्यांनाच आधी विचारते सध्या काय काय करताय, मला वाटतं बरंच काही निघेल.

रानवाट, एक अडतंय. बाहेरच्या सुपरव्हायझरने कॉलवर एक सांगितलं आणि आमच्या डॉक्टरांचं मत वेगळं पडलं तर निर्णय कोणाचा, आणि नोंद कुठे करायची, मुलाच्या फाइलमध्ये की सुपरव्हिजनच्या वेगळ्या वहीत? तुमच्याकडे आधीच लेखी ठरवलंय का काही? असेल तर फॉरमॅट कसा आहे तेवढं सांगा ना.