अमेरिकन सैन्यातून पेरिओ (हिरड्यांची शाखा) की बाहेर रेसिडेन्सी?

दाढदुखी: भाची अमेरिकन नागरिक, एचपीएसपी शिष्यवृत्तीवर डेंटलला. सैन्याने ४ वर्षं फी भरली, म्हणून तिथे ४ वर्षं सेवा. एमडीएससारखं स्पेशलायझेशन (रेसिडेन्सी) तिथेच करावं की सुटल्यावर बाहेर?

कवळी: बाहेर पेरिओ, ऑर्थोला (वाकडे दात सरळ करण्याची शाखा) बऱ्याच ठिकाणी उलट फी भरावी लागते, स्टायपेंड मिळतो तो मुख्यतः ओरल सर्जरीला. सैन्यात रेसिडेन्सीतही अधिकाऱ्याचा पूर्ण पगार. मान्यता दोन्हीकडे कोडाचीच (दंत अभ्यासक्रम तपासणारी अमेरिकन संस्था), त्यामुळे प्रमाणपत्राला कमीपणा नाही.

फसगत होते ती हिशेबात. समजा, ३ वर्षं जनरल डेंटिस्ट म्हणून काढली आणि मग ३ वर्षांचं पेरिओ केलं. शिकण्याची ती ३ वर्षं बाँडमधून वजा होत नाहीत, वर किमान ३ वर्षं सेवा लागते. उरलेलं १ वर्ष त्यातच मिसळतं की वेगळं चढतं, हे करारात लेखी बघा. भरती अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, ताई!

मोलरकर: शिवाय विषय तुमच्या मर्जीने ठरत नाही. जागा दरवर्षी सैन्याच्या गरजेनुसार निघतात, निवड मंडळ ठरवतं. ऑर्थोच हवं असेल तर सैन्यावर भिस्त ठेवू नये. सैन्याच्या सॅन अँटोनियोच्या ऑर्थो कार्यक्रमात जागा मोजक्याच.

रुग्णही बघा. तरुण सैनिक, म्हणून अक्कलदाढा भरपूर. म्हाताऱ्यांच्या पूर्ण कवळ्या कमी. प्रोस्थोवाल्यांनी (कृत्रिम दातांची शाखा) मुलाखतीतच विचारावं, पूर्ण कवळीच्या किती केसेस हाताला लागतात.