सोसायटी ग्रुप : जुन्या ऑम्निबॉटकडून केर काढून घ्यायचाय

बी-५०४ : मंडळी, माळा आवरताना टोमी कंपनीचा ऑम्निबॉट, म्हणजे खेळण्यातला रोबो, सापडला. मामा बोटीवर होते, त्यांनी १९८५ मध्ये जपानहून आणलेला. छातीत कॅसेट प्लेअर, रिमोटवर फिरतो तो. लेकीचा हट्ट आहे की त्याने खरंच केर काढावा. ए-२०१ चे काका, मार्गदर्शन कराल का?

ए-२०१ : आनंदाने. आधी चार्जर अजिबात लावू नका. आत ६ व्होल्टची शिशाची बॅटरी आहे. इतकी वर्षं पडून ती पाझरली असेल, तेव्हा हातमोजे घालून काढा आणि इन्व्हर्टरवाल्याला द्या. मग कॅसेटचा रबरी पट्टा बघा. तो बहुतेक विरघळून चाकांना चिकटला असेल. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हळूहळू पुसा.

सी-१०३ : काका, पिवळा पडलाय तो घासून निघेल का?

ए-२०१ : नाही वहिनी, तो मळ नाही. प्लॅस्टिकच उन्हा-हवेने पिवळं पडतं. घासाल तर फक्त चकाकी जाईल.

बी-५०४ : माझ्याकडे कॉम्प्युटरचा जुना पंखा आहे. पोटात बसवून खाली नळी काढली तर?

ए-२०१ : नको. तो पंखा मोकळी हवा छान हलवतो, पण वाटेत कापडी गाळणी आली की त्याचा दम जातो. केर ओढायला दाबाचा फरक लागतो. गाडीत वापरतात त्या १२ व्होल्टच्या छोट्या व्हॅक्यूमची मोटर पंख्यासकट घ्या. ती ६० वॅटची असली तरी ५ अँपिअर ओढते. रोबोच्या चाळीस वर्षांच्या बारीक तारांवर तो भार टाकायचा नाही. तिला वेगळी बॅटरी, वेगळा फ्यूज.

आणि कळकळीची विनंती, पोटाला ड्रिल लावू नका. असे चालू स्थितीतले फार उरले नाहीत. मागे चार चाकांची बुटकी गाडी जोडा, सगळी यंत्रणा तिच्यात. उद्या काढली तर मामांचा रोबो जसाच्या तसा.

डी-४०२ : काकांना पूर्ण अनुमोदन. टोमीनेच त्या काळात डस्टबॉट नावाचा छोटा रोबो काढला होता. हातात झाडू आणि सुपली, पण केर ओढायचा तो तळातून! टेबलाची कड आली की वळायचासुद्धा. दादा, गाडीखाली फिरता ब्रशही बसवा. २००२ च्या पहिल्या रूम्बातही (आपोआप केर काढणारा रोबो) बरंचसं काम ब्रशच करायचे, ओढणारी मोटर लहानच होती.

बी-५०४ : तोंड जमिनीपासून किती वर ठेवू?

डी-४०२ : ३-४ मिलिमीटर. आपल्याकडे गुळगुळीत फरशी आहे, त्यामुळे बाहेर पडणारी हवा वरच्या बाजूला सोडा. खाली सोडलीत तर केसांचे गुंते तोंडाशी येण्याआधीच पुढे उडतील. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग टाका. मोटरच्या आतल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांनी रेडिओ रिमोट बिथरतो, रोबो भलतीकडे जाईल.

सी-१०३ : गाळणीला जुनी न विणलेल्या कापडाची पिशवी चालेल? माझ्याकडे ढीग आहे.

ए-२०१ : उत्तम. मोठी घ्या, लवकर तुंबणार नाही. ओल्या फरशीवर मात्र मुळीच फिरवू नका.

बी-५०४ : ठरलं, ड्रिल नाही. रविवारी ११ ला क्लब हाउसमध्ये गाडी जोडायला बसतोय. काका, मल्टिमीटर घेऊन याल ना?

ए-२०१ : येतो. लेकीला म्हणावं, सोल्डरिंग तिनेच करायचं, मी शेजारी बसेन.