मदत हवी आहे: इंटेलवर नीट चालणारा सी प्रोग्राम रास्पबेरी पायवर उणे तापमान चुकवतोय

मंडळी, शीतगृहातल्या खोल्यांचं तापमान नोंदवणारा एक सी प्रोग्राम माझ्या गळ्यात पडलाय. मूळ लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. जुन्या ६४ बिट इंटेल पीसीवर, लिनक्समध्ये, वर्षानुवर्षं विनातक्रार चालला. पीसीने मान टाकली म्हणून आता रास्पबेरी पाय ४ आणलाय, ओएस ६४ बिटच. कंपाइल करताना एक एरर नाही. चालवल्यावर मात्र तीन भानगडी. (इंटेलऐवजी पायचा प्रोसेसर आर्म जातीचा आहे.)

उणे १८ च्या जागी २३८ दिसतं. शून्याच्या वरचे आकडे बरोबर येतात.

मधूनच एखादी जुनी नोंद पुन्हा फाइलीत पडते. एक थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) सिरियल पोर्ट वाचून रिंग बफर (गोल फिरत भरली जाणारी नोंदींची जागा) भरतो आणि पुढची जागा दाखवणारा इंडेक्स पुढे सरकवतो, दुसरा इंडेक्स बघून फाइलीत लिहितो. इंडेक्स व्होलाटाइल आहे, म्हणजे कंपायलरने तो दर वेळी मेमरीतूनच वाचायचा. मध्ये प्रिंटएफ (स्क्रीनवर छापायची सूचना) टाकला की गडबड गायब!

आणि सेटपॉइंट, म्हणजे खोलीत हवं असलेलं तापमान. फ्लोटमध्ये (दशांश आकड्याचा प्रकार) उणे २० असतो, तो अनसाइन्ड बाइटमध्ये (उणे न घेणारा, ० ते २५५) बसवून कंट्रोलरला पाठवायचा, तर तिकडे ० पोचतो. आत कुणाचं तरी आइस्क्रीम आहे, त्यामुळे तूर्त सेटपॉइंट हाताने लावतोय.

दोन्हीकडे लिटल एंडियन (बाइटचा क्रम एकच), लाँग आणि पॉइंटर दोन्हीकडे ८ बाइटचे. मग फरक उरतो कुठे?

अर्धविराम:
पहिलं सोपं आहे. तापमान साध्या चारमध्ये (सीमधला char, एका बाइटचा प्रकार) ठेवलंय ना? चार साइन्ड (उणे आकडेही घेणारा) की अनसाइन्ड, हे सीच्या प्रमाणाने कंपायलरवर सोडलंय. लिनक्सवर इंटेलला तो साइन्ड, आर्मला अनसाइन्ड. २५६ मधून १८ गेले, २३८. अगदी सुरुवातीच्या आर्ममध्ये चिन्हासकट बाइट वाचायची सूचनाच नव्हती, तेव्हाची ही सवय आहे. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) चार साइन्ड धरायला लावणारा फ्लॅग -एफसाइन्ड-चार टाका, आज रात्रीपुरतं भागेल. पण खरं औषध म्हणजे जिथे आकडा आहे तिथे इंट८_टी (नेहमी साइन्ड असणारा बाइट) लिहिणं. आणि गेटसीचं (फाइलीतून एक अक्षर वाचणारं फंक्शन) उत्तर कुठे चारमध्ये घेतलंय का तेही शोधा. आर्मवर ते ईओएफशी (फाइल संपल्याची उणे आकड्यातली खूण) कधीच जुळणार नाही, लूप फिरतच राहील.

धागाकर्ता:
चार होताच! फ्लॅगने आकडे सुधारले. सेटपॉइंट अजून शून्यच.

अर्धविराम:
तो चारचा प्रश्नच नाही. उणे फ्लोट थेट अनसाइन्डमध्ये टाकणं सीमध्ये अनिर्धारित आहे. इंटेलवर आधी साइन्ड इंट बनतो आणि खालचा बाइट उचलला जातो, म्हणून नशिबाने २३६ मिळत होते. आर्मची सूचना उणे आकडा शून्यावरच अडवते. आधी इंटमध्ये कास्ट करा (प्रकार बदला), मग बाइटमध्ये.

जुनाकर्नल:
थ्रेडचं मी सांगतो, तिथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. व्होलाटाइल फक्त कंपायलरला बांधतं, प्रोसेसरला नाही. इंटेलवर एका कोरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते दुसऱ्याला दिसतं, म्हणून असा कोड तिथे खपून जातो. पायच्या ए७२ कोरवर तशी हमी नाही. इंडेक्स आधी दिसतो, नोंद मागाहून. खात्री करायची तर टास्कसेट या लिनक्सच्या कमांडने अख्खा प्रोग्राम एकाच कोरवर बांधा, गडबड थांबेल. उपाय: सी११ चा स्टडअ‍ॅटॉमिक, म्हणजे थ्रेडमधला क्रम पाळणाऱ्या सूचनांची हेडर फाइल. लिहिणाऱ्याने इंडेक्स रिलीजने साठवायचा, वाचणाऱ्याने अ‍ॅक्वायरने उचलायचा. सेकंदाला चार नोंदी येत असतील तर सरळ म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावा, इथे वेग कोण मोजतोय?

धागाकर्ता:
टास्कसेटने थांबलं खरंच. म्युटेक्स लावतो. पण कोड बराच मोठा आहे, असं आणखी काय दडलंय ते पायवर न जाता कसं शोधू?

जुनाकर्नल:
इंटेलवरच -एफअनसाइन्ड-चार लावून बिल्ड करा, चारच्या चुका तिथेच उघड्या पडतील. जास्तीचे इशारे देणारा -डब्ल्यूएक्स्ट्राही हवाच. थ्रेडसाठी -एफसॅनिटाइझ=थ्रेड (चालता चालता चुका पकडणारा सॅनिटायझर), तोही इंटेलवर चालतो. फ्लोटसाठी -एफसॅनिटाइझ=फ्लोट-कास्ट-ओव्हरफ्लो, हा वेगळा मागावा लागतो. क्यूईएमयूवर (इंटेलवर आर्मची नक्कल करणारा प्रोग्राम) मात्र थ्रेडची परीक्षा घेऊ नका. खाली इंटेलच असतो, क्रमाच्या चुका तो झाकून टाकतो.

अर्धविराम:
आणि एसएसईची (इंटेलच्या खास सूचनांची) हेडर फाइल कुठे सापडली तर आधी इथे विचारा. ती आर्मवर कंपाइलच होत नाही, त्यामुळे तुमच्याकडे बहुधा नसावी.

धागाकर्ता:
नाहीये. सॅनिटायझर आत्ताच लावला, लॉग फिरवायच्या फंक्शनमध्ये आणखी एक रेस (दोन थ्रेड एकाच जागेवर भिडण्याची चूक) निघाली. बसतो त्याच्यामागे.