ब्रिज पिकअप बदलू का? स्ट्रॅट टाईप गिटार, ब्रिज फार टोचतंय आणि हम पण आहे

हिंजवडी_ब्लूज:
लोकहो मदत पाहिजे. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली स्ट्रॅट टाईप गिटार आहे, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची इलेक्ट्रिक. तारांखाली तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचा आवाज पकडणारी चुंबकाभोवतीची एकेक गुंडाळी): मानेकडचं नेक, मधलं, आणि तारा अडकतात त्या टोकाचं ब्रिज. फाइव्ह वे स्विच, एक व्हॉल्यूम दोन टोन. कंपनी विचारू नका, हेडस्टॉकवरचं नाव आधीच्या मालकाने खरवडून टाकलंय. घरी १५ वॉटचा प्रॅक्टिस ॲम्प आणि महिन्यातून दोनदा ऑफिसच्या बँडबरोबर जॅमपॅडला मोठा ॲम्प. नेक पिकअप क्लीनवर गोड वाजतं, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण ब्रिजवर टाकलं की पत्र्याच्या डब्यावर खिळा घासल्यासारखं, आणि ॲम्पवर गेन (डिस्टॉर्शन) वाढवला की जो गुंऽऽ, म्हणजे हम, चालू होतो तो दोन गाण्यांच्या मध्ये सगळ्या रूमला ऐकू जातो, ड्रमर म्हणतो आधी तुझा फ्रिज बंद कर. अजून एक म्हणजे जाड ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर वाजवलं तर एकाच सुरात दोन सूर भांडतायत असं वाटतं, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळवायचं सेटिंग) दोनदा केलं तरी तेच.

बजेट आठ ते दहा हजार. एका दुकानात विचारलं तर तिन्ही बदला नाहीतर मजा नाही म्हणाले आणि आकडा असा सांगितला की तेवढ्यात ही गिटार परत विकत घेता येईल. पिकअप डंकन कंपनीचं घेऊ का डिमार्झिओचं? आणि एकच बदललं तर चालतं का?

रिफ_राजा:
डंकनचं हॉट रेल्स टाक ब्रिजला, विषय संपला. सिंगल कॉइलच्याच मापाचा हमबकर (दोन कॉइलचं, हम मारणारं पिकअप) आहे, काही कोरावं लागत नाही. घेताना के म्हणजे किलोओहम बघून घे फक्त, तुझं आत्ताचं पाच-सहा के असेल, जेवढा आकडा मोठा तेवढा आवाज तगडा.

सोल्डरकाका:
राजे, जरा थांबा. पिकअप सगळ्यात शेवटी बदलायचं. मी गेली कित्येक वर्षं लोकांच्या गिटारी उघडतोय आणि "पिकअप खराब आहे" म्हणून आलेल्या निम्म्या गिटारींना फक्त स्क्रू ड्रायव्हर लागतो.

आधी तुमचे जाड ई वर भांडणारे सूर. नेक पिकअप तारेच्या फार जवळ आलंय, दुसरं काही नाही. पोल पीस, म्हणजे प्रत्येक तारेखालचा तो धातूचा खिळा, हा लोहचुंबक, तो खालून तार ओढतो, तार नीट गोल हलत नाही आणि सूर लहरतो. याला स्ट्रॅटायटिस असं नाव सुद्धा आहे. दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि पोल पीसच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती जागा आहे बघा. जाड बाजूला साधारण २.४ मिमी, बारीक बाजूला २ मिमी, इथून सुरुवात करायची. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) नसेल तर मुदत संपलेली एटीएम कार्डं घ्या, एक कार्ड ०.७६ मिमी असतं, तीन एकावर एक ठेवली की २.३ होतात, काम भागतं. नेक खाली घ्या, ब्रिज थोडं वर आणा. ब्रिजजवळ तार कमी हलते म्हणून तिथे पिकअप जवळच हवं, लोक तिन्ही एका लेव्हलला ठेवतात आणि मग ब्रिज पातळ वाजतं म्हणून रडतात.

आता टोचण्याचं. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट वायरिंगमध्ये दोन टोन असतात ते नेकला आणि मधल्याला, ब्रिजला टोनच नसतो! सगळ्यात कर्कश पिकअप आणि त्यालाच लगाम नाही. ब्रिजवर टाकून दोन्ही टोन शून्यावर आणून बघा, आवाजात फरक पडला नाही तर तुमच्याकडे तेच आहे. स्विचच्या टोनवाल्या बाजूला मधल्या पिकअपच्या टॅबवरून ब्रिजच्या रिकाम्या टॅबवर दोन सेंटीमीटरची वायर जोडली की झालं. खर्च शून्य. टोन सात-आठवर ठेवून वाजवा आणि मग मला सांगा पिकअप वाईट आहे का.

आणि तो गुं. तारांना हात लावला की कमी होतो, वाढतो, का तसाच राहतो? हे आधी कळवा.

विदर्भ_व्होल्टेज:
राजाभाऊ तुमच्या के बद्दल. तो डीसी रेझिस्टन्स आहे, आउटपुट नाही. तांब्याची तार जेवढी लांब आणि जेवढी बारीक तेवढा तो वाढतो. फेंडरची टेलिकास्टर गिटार उघडून बघा, ब्रिजला ४२ गेजची तार आणि नेकला ४३ ची, म्हणजे बारीक. बरेचदा नेक मीटरवर ब्रिजएवढाच किंवा जास्त दाखवतो, पण ऐकायला दबलेला कोण? नेक. तसंच डिमार्झिओचं सुपर डिस्टॉर्शन पिकअप घ्या, १९७२ पासूनचं, सिरॅमिक मॅग्नेट, मीटरवर डंकनच्या जेबीपेक्षा कमी के दाखवतं पण ॲम्पला ढकलायला कुठेच कमी नाही. मॅग्नेट कुठला, वेढे किती, पोल पीस लोखंडाचा का अल्निकोचा (चुंबकी मिश्रधातू), हे सगळं मिळून आवाज होतो. एकाच घराण्यातली दोन पिकअप तोलायची असतील तर के थोडा कामाचा, नाहीतर ते म्हणजे पायातल्या बुटाच्या नंबरावरून माणसाचं वजन सांगणं.

आणि तापमानाने पण के हलतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.३९ टक्के वाढतो, एसीत २५ डिग्रीला ६.० के असलेलं पिकअप आमच्या नागपुरात मे महिन्यात ४२ ला ६.४ के भरतं. राजाभाऊंच्या हिशेबाने उन्हाळ्यात आमच्या सगळ्या गिटारी हेवी मेटल वाजवायला पाहिजेत 😄

रिफ_राजा:
बरं बाबा, मागे घेतो के. पण हॉट रेल्स मागे घेत नाही.

मडगावकर:
हमवरून सांगतो, आमच्याकडे गोव्यात लग्नाच्या रिसेप्शनला वाजवायला लागतं, स्टेजच्या एका बाजूला जनरेटर, डोक्यावर एलईडी लाइट, आणि लाइटवाला आणि आपण एकाच बोर्डवरून करंट घेतलेला. अशा ठिकाणी सिंगल कॉइल घेऊन गेलं की देवच वाली. दोन आवाज वेगळे ओळखायला शीक. जाड गुं म्हणजे मेन्सचा ५० हर्ट्‌झ, बारीक झर्र म्हणजे डिमर, चार्जर, एलईडीचा ड्रायव्हर असलं काहीतरी. गिटार हातात धरून जागेवर गोल फिर, एका बाजूला तोंड केलं की आवाज जवळजवळ जातो, तिथेच उभा राहून वाजव. हसू नको, मी अशी अख्खी रिसेप्शन भिंतीकडे तोंड करून काढलीय, नवरा-नवरी दिसलीच नाहीत.

आणि एक हात जोडून सांगतो, ॲम्पच्या थ्री-पिनला टू-पिनचा जुगाड करून अर्थिंग काढून टाकू नकोस. हम कमी होतो म्हणून लोक करतात. तुझ्या तारा ॲम्पच्या चॅसिसला जोडलेल्या असतात, आत काही लीक झालं आणि तू माइकला ओठ लावलास की संपलं. मला एकदा ओठाला चटका बसलाय, आठवडाभर फणसाच्या भाजीची चव लागत नव्हती.

कर्कशपणाला अजून एक स्वस्त उपाय, लांब केबल. साध्या केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असतो, सहा मीटरची लावली की वरची टोकं आपोआप गोल होतात. लोक महागडी लो कपॅसिटन्स केबल घेतात आणि मग ट्रेबल कमी करायला पेडल घेतात.

हिंजवडी_ब्लूज:
काका, हात लावला तर काहीच फरक नाही. तसाच गुं. दोन्ही टोन शून्यावर आणले, ब्रिजवर काही फरक नाही. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच वायरिंग.

सोल्डरकाका:
हात लावून कमी झाला असता तर म्हटलं असतं सगळं ठीक आहे, सिंगल कॉइलचा स्वभाव आहे. काहीच फरक नाही म्हणजे तारांचा ग्राउंड तुटलाय. मागची झाकणी उघडा, स्प्रिंग ज्या लोखंडी पट्टीला अडकवलेल्या असतात तिच्यावर एक वायर सोल्डर केलेली असते, ती बघा.

हिंजवडी_ब्लूज:
काका तुम्ही ज्योतिषी आहात का! वायर पट्टीला नुसती टेकलेली होती, बोट लावलं तर हातात आली. मग तापकीर गल्लीत जाऊन २५ वॉटची इस्त्री... सॉरी आयर्न आणलं आणि अर्धा तास झटापट केली, सोल्डर पट्टीवर पाऱ्याच्या थेंबासारखं गोल गोल फिरत होतं, चिकटेचना. पट्टी तापली की माझं बोट भाजतंय, सोल्डर मात्र गार. शेवटी सोसायटीच्या खालच्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांनी पट्टी काढून घेतली, कानशीने चकाकी घासली, ६० वॉटचं आयर्न टेकवलं आणि तीन सेकंदात झालं. पैसे घेतले नाहीत, गिटार वाजवून दाखव म्हणाले. दाखवली. हळू वाजव म्हणाले.

उंची पण केली, तीन एटीएम कार्डं. जाड ई चं भांडण मिटलं. जंपर (टोनची ती छोटी वायर) त्याच काकांकडून टाकून घेतला. ब्रिज आता टोन सातवर चक्क ऐकवतंय. हम अर्ध्याहून कमी झाला. पण खरं सांगू, जॅमपॅडला गेन वर नेला की अजून आहे, आणि पाम म्यूट करून (तळहाताने तारा दाबून) वाजवलं तर तो जाडपणा नाही येत. आता तरी घेऊ का?

सोल्डरकाका:
आता घ्या. आता तुम्हाला माहितीय कशासाठी घेताय. उरलेला हम सिंगल कॉइलचाच आहे, तो ग्राउंडने जाणार नाही. एकाच कॉइलला बाहेरचा हम उचलायला मनाई करता येत नाही म्हणून तर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने दोन कॉइल शेजारी ठेवल्या, एक उलटी आणि तिचं चुंबक पण उलटं, म्हणजे तारेचा आवाज दोन्हीकडून जुळतो आणि हम एकमेकांना खातो. १९५५ ला पेटंटचा अर्ज, १९५७ ला गिटारींवर आलं, पेटंट हातात पडलं १९५९ ला. त्या काळात खाली पेटंट अप्लाइड फॉरचं स्टिकर, आणि आता त्या स्टिकरवाल्या पिकअपला लोक जमीन विकून पैसे देतात.

राजेंचं हॉट रेल्स वाईट नाही, पण तुमच्या नेकच्या मानाने फार दांडगं, स्विच फिरवला की व्हॉल्यूम उडी मारेल. डंकनचं लिटिल ५९ नाहीतर डिमार्झिओचं चॉपर बघा. पॉट (नॉबखालचे व्हॉल्यूम-टोनचे भाग) २५० केचेच राहू द्या. पुस्तकात हमबकरला ५०० के लिहिलंय, पण २५० ने वरची धार थोडी मरते आणि तुम्हाला तीच मारायचीय.

विदर्भ_व्होल्टेज:
काढायच्या आधी जुन्याचं रेकॉर्डिंग करून ठेव, ऑडिओ इंटरफेसमधून (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) थेट, ॲम्पशिवाय, तोच रिफ, तेच पिक, दोन्ही वेळी नव्या तारा. आणि ऐकताना दोन्ही क्लिप एका व्हॉल्यूमला आण. आपल्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो, नव्या पिकअपची निम्मी तारीफ तिथूनच येते, आणि उरलेली नव्या तारांमुळे.

हिंजवडी_ब्लूज:
तीन आठवड्यांनी आलो. लिटिल ५९ टाकलं. क्लिप केल्या, व्हॉल्यूम जुळवला, कोणती कुठली ते न सांगता बायकोला ऐकवल्या. क्लीनमध्ये तिला जुनं आवडलं 🤦 गेनमध्ये नवं, आणि कारण विचारलं तर म्हणाली "यात मागे फ्रिज नाहीये." ड्रमरला हे सांगणार नाहीये.

एक लोचा आहे. ब्रिज आणि मधलं एकत्र केलं की आवाज एकदम बारीक होतो, नाक दाबून बोलल्यासारखा, बेस गायब. एकेकटी दोन्ही ठीक वाजतात. पिकअप परत पाठवू का?

सोल्डरकाका:
अहो नाही, पिकअपला काही झालेलं नाही. दोन कंपन्यांची पिकअप एकमेकांना पाठ करून बसलीयत, फेज उलटा आहे. डंकनची काळी वायर आता स्विचला आणि हिरवी ग्राउंडला असेल, त्या दोघींची अदलाबदल करा. लाल-पांढरी जोडलेली आहे तिला हात लावू नका, आणि उघडी तार आहे ती ग्राउंडलाच राहू द्या, ती पण उलटी केलीत तर फ्रिज परत येईल. मधलं सिंगल कॉइलच आहे, त्यामुळे त्या जागी बारीकसा हम राहणारच, तेवढा सोसा.

मडगावकर:
आणि यावेळी ६० वॉटचं आयर्न 😀

हिंजवडी_ब्लूज:
झालं! काळी-हिरवी उलटी केली, बेस परत आला. शनिवारी जॅमला घेऊन जातोय. काढलेलं ब्रिज पिकअप कुणाला पाहिजे का? चालू आहे, ५.८ के, पांढरं कव्हर थोडं पिवळं पडलंय. फुकट, कुरिअर तेवढं तुमचं.

रिफ_राजा:
मला पाठव. के फक्त एसीत मोजलास ना?