लक्ष्मीपूजन कार्तिक अमावास्येला? कुणी सांगितलं?

पंतोजी: ग्रुपवर परत तेच फॉरवर्ड, 'कार्तिक अमावास्येच्या शुभेच्छा'. अरे आपल्याकडे लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, कार्तिक लागतो पाडव्यापासून. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो म्हणून वद्य पक्ष त्यांच्या पुढच्या महिन्यात जातो, त्यांचं त्यांना लखलाभ, पण मराठीत पाठवताना तरी भिंतीवरचं कॅलेंडर बघा की!

खवट: चंद्र तोच, रात्र तीच. कशाला एवढा त्रागा? देशभर एकच पद्धत ठेवा, भांडण मिटलं.

पंतोजी: ठेवा ना मग अमान्त, म्हणजे आपल्यासारखा अमावास्येला संपणारा महिना! गुजरात, कर्नाटक, आंध्र सगळे अमान्तच. एकच म्हटलं की आम्हीच का बदलायचं? माउलींची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८. उत्तरेच्या हिशोबाने ती मार्गशीर्षात जाते. आळंदीच्या कार्तिकीला आता मार्गशीर्षी म्हणू?

बांगडाप्रेमी: तुमचं आळंदी ठीक, माझ्या पोटावर आलंय. गेल्या वर्षी आईच्या मोबाईलवरचं कुठलंतरी ॲप त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासूनच 'मार्गशीर्ष' दाखवायला लागलं, झालं, मासे बंद, मग पंधरा दिवसांनी आपला खरा मार्गशीर्ष लागला तो वेगळाच. दीड महिना! दारावर आलेली सुरमई परत गेली हो.

सुगरण_ताई: गुरुवारपुरतंच असतं ना? अख्खा महिना कोण पाळतं?

बांगडाप्रेमी: आमच्याकडे पाळतात. श्रावण पण.

सुगरण_ताई: आमच्या सासरी गुरुवारी उद्यापनाची पुरणपोळी आणि शुक्रवारी सकाळी कोळंबी, देवीने कधी तक्रार केली नाही.

पंतोजी: विषय काय, चाललंय काय!

बांगडाप्रेमी: विषय हाच आहे. खवटरावांना देशभर एकच पाहिजे, त्या ॲपवाल्याने तेच केलंय.

खवट: माझ्यावर काय घसरताय? एकच सौर कॅलेंडर सरकारने कधीच केलंय, शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेलं, २२ मार्च १९५७ पासून. त्यात अधिक महिन्याची कटकटच नाही, कार्तिक दरवर्षी २३ ऑक्टोबरला.

पंतोजी: आणि पाळतं कोण? रेडिओवर 'भारतीय सौर' ऐकू येतं तेवढंच. २०२३ला अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरला, म्हणजे तुमच्या सौर कार्तिकाच्या २१ तारखेला. त्या दिवशी चोपड्या पूजणाऱ्या एका तरी दुकानदाराने २१ कार्तिक लिहिलं असेल तर दाखवा.

खवट: बरं बाबा, मराठी शुभेच्छांत आश्विनच लिहायचं. सत्कार करू का तुमचा?

सुगरण_ताई: बांगडेभाऊ, ॲपच्या सेटिंगमध्ये अमान्त-पूर्णिमान्त निवडता येतं बघा.

बांगडाप्रेमी: तेव्हाच बदललं. आई म्हणाली, धरलेलं मधेच सोडायचं नसतं.