कॅमेऱ्याची सेटिंग्ज तुम्हाला कुठे उमगली? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

अ‍ॅपर्चर (लेन्सचं लहान-मोठं होणारं छिद्र), शटर (उजेड आत येऊ देण्याचा वेळ), आयएसओ (वाढवला की फोटो उजळतो, पण दाणे म्हणजे 'ग्रेन' दिसतात) ही त्रिमूर्ती फोटोग्राफीच्या वर्गात सगळ्यांनाच पाठ असते. प्रत्यक्षात कुठे उलगडली, ते सांगा. 'कॅमेरा कुठला घेऊ' हा वाद इथे नको.

सातारा, पहिलं वर्ष
कास, सप्टेंबर. 'सीतेची आसवं' या रानफुलाचा फोटो काढायचा होता. फूल बोटाच्या नखाएवढं आणि पठारावरचा वारा क्षणभर थांबेल तर शपथ! १/६० सेकंदावर फूल हलत होतं, म्हणून शटर १/५०० वर नेला. फूल थांबलं, पण फोटो काळवंडला. अ‍ॅपर्चर मोकळं केलं असतं, तर एखादीच पाकळी शार्प आली असती. मग अ‍ॅपर्चर एफ/८ (आकडा लहान तर छिद्र मोठं) तसंच ठेवून आयएसओ १०० वरून ८०० केला. शटरमध्ये गेलेला तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उजेड आयएसओमधून परत मिळाला. हा हिशेब फळ्यावर पाहिला होता, पटला तिथे. सर म्हणाले, "ग्रेनला काय घाबरायचं? हललेलं फूल एडिटिंगमध्ये थांबत नाही."
(फोटोसाठी फुलं तुडवत आत शिरणाऱ्यांचा कॅमेरा आधी काढून घ्यावा, हे माझं वैयक्तिक मत.)

सांगली
आमची असाइनमेंट मार्केट यार्डातली हळद. फ्रेमभर पिवळंच पिवळं असलं की ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग आपोआप जुळवणारी सेटिंग) वाटतं, उजेडच पिवळा आहे. तो निळं मिसळतो आणि हळद फिकी पडते. शेजारच्या हमालमामांनी स्क्रीनवर पाहून निकाल दिला, "ही काय आमची हळद न्हवं." व्हाइट बॅलन्स हाताने 'शेड'वर टाकला, कारण आम्ही सावलीत होतो. मग मामांनी स्वतःचाही एक काढून घेतला.

मिरज
सतारमेकर गल्लीतलं एक दुकान. कारागीर भोपळ्यावर काम करत होते, वर एलईडी ट्यूब. ५० एमएमची लेन्स, एफ/१.८, शटर १/५००. फोटोत आडवे काळपट पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० केला, एक पूर्ण चढउतार त्यात मावला आणि पट्टे गेले. हातात धरूनही फोटो हलला नाही. चालत्या हाताची बोटं मात्र थोडी पुसट आली, ती मला आवडली.

वाई
ठोसेघरला धुकं असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) +१ करा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पांढऱ्यालाही करडं करायला बघतो. बाकी काही नाही.

कऱ्हाड
सगळे 'एम' (मॅन्युअल, सगळं हाताने) मोडच्या एवढे मागे का? लग्नाच्या वरातीत नवरदेव उन्हातून मांडवात शिरेपर्यंत तीन चकत्या कोण फिरवणार? मी अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी वापरते, म्हणजे अ‍ॅपर्चर मी ठरवते, शटर कॅमेरा (कॅननवर 'एव्ही', निकॉनवर 'ए'), शिवाय ऑटो आयएसओला ३२०० ची मर्यादा आणि किमान शटर १/२००. परीक्षेला 'एम' येतं म्हणून शिका, पण वरात काढायची असेल तर मला विचारा.