५ किलोवॅटच्या लोडवर गाडी चार्ज होईल का?

गोदाकाठ: नाशिकला बैठं घर आहे. सिंगल फेज, मंजूर भार ५ किलोवॅट, मेन एमसीबी ३२ अँपिअरचा. दीड टनी एसी, २ किलोवॅटचा गिझर, अर्ध्या एचपीची मोटार. पुढच्या महिन्यात पंच ईव्ही येतेय. शाळा दिंडोरीला, रोजचे येऊन-जाऊन ५० किमी. १५ अँपिअरच्या चार्जरवर भागेल की लोड वाढवावा लागेल? बजेट १५ हजार, त्यावर जमणार नाही.

पिंपरीकर७२: थ्री फेज घ्या आणि ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स बसवा. आमच्याकडे तोच आहे, एकदम झकास. पंधरा अँपिअरवर रात्रभर कोण ताटकळत बसणार?

छतावर_ऊन: मी म्हणेन सोलर करा. ३ किलोवॅटला सूर्यघर योजनेत ७८ हजार अनुदान मिळतं. माझं उन्हाळ्यातलं बिल म्हणजे निव्वळ स्थिर आकार.

चिकू_बाग: अहो, त्यांचं बजेट १५ हजार आहे.

छतावर_ऊन: कर्ज मिळतं की!

मिरजेची_सून: ताई, काहीही करा पण एक्स्टेन्शन बोर्ड नको. आमच्या वायरमनने गिझरच्या जुन्या पॉइंटवरून वायर ओढून पार्किंगमध्ये दिली. महिना व्हायच्या आत जळका वास यायला लागला. सॉकेट आतून वितळून प्लगच्या पिनेला असं चिकटलं होतं की प्लग निघेचना.

जुना_वायरमन: ताई, आधी हिशोब बघा. ५० किमीला साधारण ८ युनिट. १५ अँपिअरचा चार्जर ३.३ किलोवॅट ओढतो, म्हणजे अडीच तासांचं काम. ७.२ कशाला हवा? आणि पिंपरीकर, घरगुती ७.२ चा चार्जर सिंगल फेजच असतो. थ्री फेज मीटर घेतला तरी ते ३२ अँपिअर एकाच फेजवर येणार, वर स्थिर आकार जास्त.
गिझर आणि गाडी मिळून ५.३ किलोवॅट, ती दोन एका वेळी चालू नकोत. चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर १० अँपिअरवर ठेवा. डीबीपासून (घरातल्या मेन स्विचच्या पेटीपासून) स्वतंत्र ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा आरसीबीओ (जादा लोड आला किंवा करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच), गळतीसाठी ३० मिलीअँपिअरचा, टाइप ए. स्वस्तातला ‘टाइप एसी’ आरसीबीओ नको. अर्थिंग सगळ्यात आधी तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, मग लोक गाडीला दोष देतात.

पिंपरीकर७२: आणि अचानक गावी जायचं ठरलं तर?

जुना_वायरमन: हायवेला फास्ट चार्जर आहेत ना.

चिकू_बाग: वायरमनदादांशी सहमत. स्वतंत्र वायर, चांगलं अर्थिंग, एक्स्टेन्शन नको. रात्री अकरानंतर लावा. ईव्हीसाठी वेगळा मीटरही मिळतो, म्हणजे घरचे युनिट वरच्या स्लॅबमध्ये जात नाहीत.

मिरजेची_सून: हो, आम्हीपण आता रात्रीच लावतो.

गोदाकाठ: सगळ्यांचे आभार. पण मी रात्री नाही लावणार. शाळा सकाळची, एकला घरी येते. आमच्याकडे स्मार्ट मीटर बसलाय, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ दरात सवलत आहे. दुपारी गिझर बंदच असतो. १० अँपिअरवर २.३ किलोवॅट, साडेतीन तासांत काम होतं. मे महिन्यात एसी लावला तरी लोड चार किलोवॅटच्या आत बसतो. त्यामुळे लोडही वाढवत नाही आणि वेगळा मीटरही घेत नाही. अर्थिंगचा खड्डा नवा करून घेते, ४ ची वायर आणि आरसीबीओ दादांनी सांगितलाय तोच.

जुना_वायरमन: चालेल. शेडमध्ये चार्जरवर थेट ऊन येऊ देऊ नका, तेवढं बघा.

छतावर_ऊन: दुपारीच लावणार असाल तर मग सोलरच घ्या ना!

मिरजेची_सून: ताई, तो स्मार्ट मीटर बसवल्यावर बिल वाढलं का हो? आमच्याकडे बसवायला आले होते, सासऱ्यांनी दारातूनच परत पाठवलं.